गाडी पिथमपूरला दाखवून आणली

आमच्या गाडीच्या छतातून गळणारं पाणी बरोबर माझ्या उशीवर पडायचं. नवऱ्याची उशी शेजारीच, पण ती कोरडी. तीन पावसाळे मी उशीच्या जागी पातेलं ठेवून पायाकडे डोकं करून झोपले आणि तीन पावसाळे नवरा छतावर चढून सिलिकॉन भरत राहिला. दर वेळी खाली उतरला की हात पुसत म्हणायचा, "आता नाही गळायची." बेस्टच्या डेपोत बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला 'गळते आहे' हे सांगायलाही जीभ रेटत नाही.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, २०१७ सालची, आरसीवर 'मोटर कॅराव्हॅन' अशी नोंद असलेली. आधीच्या मालकाने एका बॉडीवाल्याकडून आत घर करून घेतलं होतं: मागे पलंग, मध्ये दोन बर्नरची शेगडी आणि हाताएवढं सिंक, खाली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, वर छतावर एसी. नवरा निवृत्त झाला त्या वर्षी आम्ही ती घेतली. माझी पोस्टातली नोकरी अजून वर्षभर शिल्लक होती, त्यामुळे पहिलं वर्ष गाडी बहुतेक उभीच होती. कुठे उभी, तर दिंडोशीला एका ट्रकवाल्याच्या आवारात, महिन्याच्या भाड्याने. गोरेगावात आमच्या सोसायटीच्या गेटवर कमान आहे आणि एसीसकट गाडी त्या कमानीखालून जात नाही. जात असती तरी उपयोग नव्हता. मी जागेसाठी अर्ज केला तेव्हा सेक्रेटरींनी एका ओळीत उत्तर दिलं होतं की आत पलंग आणि किचन असेल तर फ्लॅटचा मेंटेनन्स लावावा लागेल. ते गंमत करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

पिथमपूरचं, म्हणजे आमची गाडी जिथे बनली त्या गावाचं, खूळ डोक्यात आलं ते भाच्यामुळे. तो अमेरिकेत मिनेसोटाला असतो. शेजारची आयोवा राज्याची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर फॉरेस्ट सिटी नावाचं गाव आहे, लोकवस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्या गल्लीत गणपतीला जमतात तेवढी माणसं. तिथे विनेबागो कंपनीचा कारखाना आहे. १९५८ साली गावातल्याच काही लोकांनी खटपट करून ट्रेलर बनवायचा कारखाना गावात आणला आणि १९६६ पासून तिथे मोटरहोम बनू लागल्या. दर उन्हाळ्यात त्या गाड्यांचे मालक देशभरातून आपापली गाडी चालवत तिथे जमतात. कारखाना बघतात, आपली गाडी कुठून निघाली ते बघतात, काही दुरुस्ती असली तर करून घेतात, आठवडाभर माळावर राहतात आणि परत जातात. भाच्याचे शेजारी म्हातारा-म्हातारी असेच जाऊन आले होते. म्हातारीने आपल्या गाडीचा सांगाडा कुठल्या शेडमधून बाहेर पडतो ते पाहिलं म्हणे आणि रडली.

मी रडणारी नाही, पण ते ऐकल्यापासून मला आपल्या गाडीचं गाव बघायचं होतं. नवऱ्याला वेगळंच हवं होतं. त्याच्या मते छत मुळातच नीट बसवलेलं नसणार आणि ते बनवणाऱ्याकडूनच वदवून घ्यायचं होतं. असे आम्ही दोघं दोन कारणांनी निघालो.

निघण्याआधी एक गोष्ट करून ठेवली होती. गाडी आमच्या नावावर करताना चेसिस नंबरचा ट्रेस द्यावा लागला होता. चिकटपट्टी नंबरावर चिकटवायची, वरून पेन्सिल घासायची, की कोरलेली अक्षरं पट्टीवर उमटतात. त्याची एक जास्तीची पट्टी नवऱ्याने पाकिटात ठेवली होती, लोक नातवाचा फोटो ठेवतात तशी. सतरा अक्षरांचा नंबर असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. आमच्या नंबराची सुरुवात 'एमसी१' अशी आहे. ट्रॅव्हलर बनते ती मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात, इंदूरजवळच्या पिथमपूरला. आमच्यासारख्याच ट्रॅव्हलरवर घर बांधलेले आणखी दोघे ओळखीत होते, ठाण्याचं एक डॉक्टर जोडपं आणि डोंबिवलीचं एक तरुण जोडपं. डोंबिवलीच्या मुलीला कळवताच तिने लगेच नाव ठेवलं, 'माहेरपण'. गाड्यांची ओटी भरायची का, असंही विचारलं. मी म्हटलं, आधी डिझेल भर.

फेब्रुवारी २०२५ च्या मध्यात पहाटे साडेचारला आम्ही दिंडोशीहून निघालो. घोडबंदरवरून माजिवड्याला ठाणेकर भेटले, पडघ्याला डोंबिवलीकर. पुढे सगळा आग्रा रोड. कसाऱ्याचा घाट चढताना सिंकमधलं झाकण खडखडायला लागलं ते चांदवडपर्यंत खडखडत होतं. आमची गाडी लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, टोलवर मिनिबसचा दर पडतो, आणि प्रत्येक टोलवर कुणीतरी आत डोकावून विचारतो, "शूटिंगची व्हॅन काय?" नवरा आधी समजावून सांगायचा. मालेगावनंतर तो नुसतं "हो" म्हणायला लागला.

पहिला मुक्काम शिरपूरच्या अलीकडे एका ढाब्याच्या मागे केला. दुसऱ्या दिवशी पळासनेर सोडलं की महाराष्ट्र संपतो आणि बिजासन घाट लागतो. देवीच्या देवळापाशी ट्रकवाले थांबतात, आम्हीही थांबलो. सेंधवा, जुलवानिया, आणि खलघाटला नर्मदा. पुलाच्या अलीकडे गाड्या लावून काठावर गेलो. पाणी संथ होतं. डॉक्टरीणबाईंनी एका बाटलीत नर्मदा भरून घेतली आणि डॉक्टरांनी ती कुणी पिऊ नये म्हणून लगेच तिच्यावर लेबल लावलं. मग पुढे गणेश घाट, मानपूर, आणि दुपारी तीनच्या सुमारास पिथमपूर.

गाव म्हणावं तर गाव नाही. सेक्टर एक, दोन, तीन. रुंद रस्ते, मध्येच खड्ड्यांचा तुकडा, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, भिंतींना टेकून चहाच्या टपऱ्या. जिथे भिंत संपतच नाही असं वाटतं तिथे आत गाड्या तपासायचा नॅट्रॅक्सचा ट्रॅक आहे, अकरा पूर्णांक तीन किलोमीटर लांबीचा, २०२१ साली सुरू झालेला. आशियातला सगळ्यात लांब म्हणतात. बाहेरून दिसत काहीच नाही, डोंबिवलीकर मुलगा मात्र भिंतीला कान लावून उभा राहिला.

कारखान्याच्या आत जायचा आमचा बेत नव्हता. फॉरेस्ट सिटीसारखी बघ्यांची सोय इथे नाही, आणि ओळखपाळख नसताना गेटवर जाऊन 'आमची गाडी इथली आहे हो' म्हणणं म्हणजे प्रसूतिगृहात जाऊन 'मी इथे जन्मलो, जरा आत सोडा' म्हणण्यासारखं. रस्त्याच्या कडेला तिन्ही गाड्या ओळीने लावल्या आणि समोरच्या टपरीवर बसलो. तेवढ्यात शिफ्ट सुटली. माणसं बाहेर पडली, सायकली, मोटारसायकली, डबे. आणि मग कुंपणाच्या आतल्या मोकळ्या जागेत मला त्या दिसल्या. ओळीने उभ्या, पांढऱ्या, कोऱ्या, आत काही नाही, सीटसुद्धा नाही, काचांवर कागद चिकटवलेले. आमच्या गाडीच्या भिंतीवर मी वारली काढली आहे, मागे कुंडीचा स्टँड आहे, सायकल बांधायचा हूक आहे. आणि ही सगळी तिची भावंडं, अजून कुणाचीच न झालेली. कुणी शाळेची बस होईल, कुणी अँब्युलन्स, कुणी शिर्डीला जाईल. मी बराच वेळ बघत बसले. डोंबिवलीची मुलगी माझ्याकडे बघत होती, मी रडते का ते. नाही रडले.

टपरीवर मात्र गाड्यांचं कुणी बोलत नव्हतं. सगळं बोलणं भोपाळच्या कचऱ्याचं. युनियन कार्बाइडच्या जुन्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून जानेवारीच्या दोन तारखेला पहाटे इथे आणून ठेवला होता, जाळण्यासाठी. त्यावरून दगडफेक झाली होती, दोघांनी आत्मदहनाचा प्रयत्न केला होता. आम्ही गेलो तेव्हा तो जाळायचा की नाही याचा वाद कोर्टात चालू होता. टपरीवाल्याने चहा देता देता विचारलं, "तुम्ही त्याचंच बघायला आलात का, पत्रकार?" आम्ही गाडीचं गाव बघायला आलोय म्हटल्यावर त्याने ग्लास ठेवला आणि म्हणाला की बघा, आधी गाड्यांचं म्हणून ओळखायचे, आता काय म्हणतात ते कळेलच. नंतर वाचलं की महिनाअखेर पहिले दहा टन जाळायला सुरुवात झाली. पण त्या दिवशी मला चहा जाईना.

आता मुद्द्याचं.

डॉक्टरांच्या गाडीला दाराचं रबर बीडिंग हवं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी महूच्या रस्त्यावर एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. नवऱ्याने सवयीने आपली गळतीची कहाणी सुरू केली. दुकानदाराने अर्धी ऐकली आणि फोन लावला. पंधरा मिनिटांत स्कूटरवरून एक काका आले. सत्तरीच्या जवळपास, अंगाने काटक, पांढरा शर्ट इस्त्रीचा, पायात कारखान्याचे जुने सेफ्टी बूट. राहणारे महूचे, बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त इंदुरी वळणाचं. तीसेक वर्षं वेल्ड शॉपमध्ये काढलेली.

"तुम्ही मुंबईहून आले काय ताई? या गाडीसाठी?" एवढंच म्हणून ते गाडीभोवती फिरायला लागले. बोलत नव्हते. बोटाच्या पेराने पत्रा वाजवत चालले होते. टण, टण, टण, ढब. थांबले. "इथं ठोकलेली होती. पुट्टी भरलेली आहे." मागच्या डाव्या कोपऱ्यात. आम्हाला गाडी विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, आणि तीन वर्षांत नवऱ्यालाही कळलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

मग काकांनी सरकत्या दाराच्या चौकटीवरचं काळं रबर एका बाजूने ओढून वीतभर मोकळं केलं. आत पत्र्याची उघडी कड. त्या कडेवर बारीक बारीक खळगे, नखाएवढे गोल, एका रेषेत, दोन बोटांच्या अंतराने, वरपासून खालपर्यंत. तीन वर्षं मी त्या दारातून चढउतार करते आहे आणि ते कधी पाहिले नव्हते.

"ही आमची शिलाई," काका म्हणाले. "बोट फिरवा न."

मी बोट फिरवलं. एकसारखं. मग त्यांनी सांगितलं की ही स्पॉट वेल्डिंगची गन वरून केबलला लटकलेली असते, ती हाताने ओढून पत्र्याच्या दोन कडा तिच्या तोंडात धरायच्या आणि दाबायचं. चट. सरकवायची, चट. दिवसभर. त्यांच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, पांढरे बारीक ठिपके होते, ठिणग्यांचे. रांगोळीचे ठिपके काढून ठेवावेत आणि जोडायचे राहावेत तसे. २०१७ साली ते कामावर होते. ही गाडी त्यांच्या हातची असेल का, हे मी विचारलं. त्यांनी रबर पुन्हा दाबून बसवलं, अंगठ्याने, एकेक इंच. "माझी नसली तर शेजारच्याची. वरून थोडंच ओळखू येतं ताई?"

छतावर मात्र ते चढताना शर्ट काढून बनियनवर चढले. नवराही मागोमाग. मी शिडीवर अर्ध्यावर उभी. ट्रॅव्हलरच्या छताला लांबीच्या दिशेने नाळी असतात, पन्हळीसारख्या. काकांनी दुकानातून बेअरिंगचा एक छर्रा मागवला, गोटीहून लहान. तो एका नाळीत पुढच्या टोकाला ठेवला आणि सोडला. तो हळूहळू घरंगळत एसीपाशी येऊन थांबला. नवरा म्हणाला, गाडीचं तोंड चढाला असेल. काकांनी काही न बोलता छर्रा उचलला, मागच्या टोकाला नेऊन ठेवला, सोडला. तो उलट्या दिशेने घरंगळत पुन्हा एसीपाशीच आला.

नवरा गप्प झाला.

खाली येऊन काकांनी सांगितलं ते असं. छताचा पत्रा नुसता पत्रा नसतो. त्याखाली आडव्या कमानी असतात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि पत्रा त्यांच्यावर टेकलेला असतो. एसी बसवायला बॉडीवाल्याने चौदा बाय चौदा इंचाचं भोक पाडलं ते बरोबर एका कमानीवर आणि कमान मधोमध कापून टाकली. वर तीसेक किलोचा एसी. पत्रा तिथे खाली बसला, भोवती बशीसारखा खळगा झाला, पावसाचं पाणी त्यात साचतं. शिवाय रस्त्यावर गाडी हलते तसा तो पत्रा वरखाली होतो आणि सिलिकॉन कितीही भरा, चार महिन्यांत कडेने सुटतं. "सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही साहेब. पहिलं काढल्याशिवाय दुसरं लावलं तर ते फक्त दिसायला." आणि मग, जरा थांबून, "तुमची गाडी इथनं गेली तेव्हा ठणठणीत होती. हे भोक आमचं नाही."

हे वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नाही. पण त्यांना ते म्हणायचं होतं, आणि माझ्या नवऱ्याला ते ऐकायला हवं होतं.

दुरुस्तीला दोन दिवस लागले, दुकानामागच्या आवारात. बाकीचे दोघे त्या वेळात इंदूरला जाऊन आले. सराफ्यातल्या खाण्यावर एवढं लिहिलं गेलंय की मी त्यात भर घालत नाही, शिवाय मी गेलेच नाही. मी एका खुर्चीवर बसून नवऱ्याला स्वतःचंच तीन वर्षांचं सिलिकॉन खरवडताना बघत होते. प्लास्टिकच्या पट्टीने, कारण लोखंडी पट्टीने पत्र्यावर ओरखडे पडले असते. एकाखाली एक थर निघत होते. सगळ्यात वरचा दिवाळीचा, पांढरा. त्याखाली २०२३ चा, राखाडी. त्याखाली पहिला, तो पिवळा पडलेला. अख्खी दुपार गेली त्यात. काका मधूनच येऊन अंगठ्याने तपासायचे आणि म्हणायचे, "अजून आहे."

आतून छताचं प्लाय काढलं तेव्हा कापलेली कमान दिसली. दोन्ही टोकं हवेत लोंबत होती, कडेला गंज. नवऱ्याला वाटलं तिथे सरळ वेल्डिंग मारावं. काकांनी हात आडवा केला. आतल्या बाजूला सगळा फोम आणि प्लाय, एक ठिणगी गेली तर घर जळेल. वेल्डर माणूस वेल्डिंगला नको म्हणतो हे मला फार आवडलं. त्याऐवजी पंचवीस बाय पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची चौकट बाहेर तयार करून आणली, ती भोकाभोवती बसवली, पुढच्या आणि मागच्या साबूत कमानींना बोल्टने जोडली, कापलेली टोकं तिच्यात धरली, रिव्हेट मारले. खालून जॅक लावून पत्रा हळूहळू वर उचलून घेतला होता, तो आता चौकटीवर टेकला. उघड्या कडांना झिंकचा प्रायमर. मग एसीखाली ब्यूटाइल टेप. ही काळी, च्युइंग गमसारखी चिकट पट्टी असते, ती कधी पूर्ण वाळत नाही, म्हणून पत्रा हलला तरी तुटत नाही. ती इंदूरहून डोंबिवलीकरांनी आणली, चार दुकानं फिरून.

शेवटी पुन्हा छर्रा. या वेळी तो एसीपर्यंत आलाच नाही, मध्येच थांबला. नंतर आतून भोकाच्या चारी बाजूंना काकांनी पांढरा खडू घासला आणि वरून सोळा बादल्या पाणी ओतलं. पाण्याचा एक थेंब जरी आला तरी खडूवर त्याची वाट उमटते. खडू पांढराच राहिला. सगळा मिळून खर्च नऊ हजार चारशे, त्यात काकांनी स्वतःसाठी काय धरलं होतं ते विचारलं तर म्हणाले, "तुम्ही इतक्या लांबून गाडी दाखवायला घेऊन आले न."

चहा घेताना त्यांनी विचारलं, मुंबईत कुठे. गोरेगाव म्हटल्यावर ते जे हसायला लागले ते थांबेनात. नवरा जरा चिडलाच.

"अहो, मग इथं कशाला आले? टेम्पोची सुरुवात तर तुमच्या गोरेगावलाच झाली. आम्हाला आकुर्डीला ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

खरंच होतं ते. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विडाल आणि सोहन कंपनीशी करार करून तीन चाकी टेम्पो बनवायला सुरुवात केली, ती गोरेगावला. पुढे एकच चाक आणि इंजिन त्या चाकावरच बसवलेलं. टेम्पो हे त्या जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. आज आपण कुठल्याही छोट्या मालगाडीला टेम्पो म्हणतो आणि कुणाच्या डोक्यातही येत नाही. मग कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला, मॅटाडोर आली, आणि १९८७ साली मर्सिडीजच्या व्हॅनवरून घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं तरी लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात.

१९५८. भाच्याच्या त्या फॉरेस्ट सिटीतल्या कारखान्याचंही तेच साल. मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याचं लक्षच नव्हतं. तो म्हणाला, "माझा जन्म गेला गोरेगावात. मला कुणी सांगितलं नाही."

परतताना महूला भीमजन्मभूमीवर थांबलो. बाबासाहेब तिथे १४ एप्रिल १८९१ ला जन्मले, लष्करी छावणीत. स्मारकापुढे गर्दी नव्हती, एक शाळेची सहल होती, आणि ती आली होती टेम्पो ट्रॅव्हलरमधून. नवऱ्याने जाऊन तिच्या दाराच्या रबराकडे बोट दाखवून त्या ड्रायव्हरला 'शिलाई' समजावून सांगितली. पाच मिनिटं. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हॅन शूटिंगची आहे का?"

घरी आल्यावर सासूबाईंना गोरेगावची गोष्ट सांगितली. त्या शहाऐंशीच्या. गवार मोडत होत्या, हात थांबला नाही. "त्या तीन चाकीतूनच तर माझं रुखवत आलं होतं. कपाट बांधलेलं नव्हतं, वळणावर पडलं. तुम्हाला कशाला जायला हवं होतं एवढं लांब? मला विचारायचं." मग जरा वेळाने, "माहेर बघून आलात ना, आजोळ इथेच आहे."

नवरा पावसाची वाट बघत होता. मुंबईत पाऊस येतो अकरा जूनच्या सुमारास, म्हणून त्याने सात जूनला गाडी बाहेर काढून उघड्यावर लावायचं ठरवलं होतं. पण त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत आला २६ मेलाच, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर कधी आला नव्हता. सोमवारची सकाळ, खाली रस्त्यात गुडघाभर पाणी. आम्ही रिक्षाने दिंडोशीला पोचलो तेव्हा आवारात ट्रक चिखलात उभे आणि आमची गाडी त्यांच्यामध्ये, वरून धो धो.

आत शिरलो. दिवा लावला नाही, टॉर्च लावली. एसीच्या भोवती पांढऱ्या खडूची चौकट तशीच होती, कोरडी. नवऱ्याने हात लावून बघितला, मग दुसरा हात. माझ्या उशीलाही हात लावला. कोरडी. तो पलंगावर बसला आणि काही बोलला नाही. वर पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. आम्ही तसेच बसून होतो, पंधरा-वीस मिनिटं. थर्मासमधला चहा घेतला.

मग सिंकच्या बाजूने आवाज आला. टप्.

टॉर्च फिरवली. सिंकवरच्या छोट्या सरकत्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब फुगत होता. तीही त्याच बॉडीवाल्याने पत्रा कापून बसवलेली. नवऱ्याचा हात सवयीने ड्रॉवरकडे गेला. तिथे सिलिकॉनची एक अर्धी ट्यूब शिल्लक होती. ती मी काढून घेतली आणि पर्समध्ये टाकली. खिडकीचा फोटो काढला आणि काकांना पाठवला, खाली काही न लिहिता.

लगेच उत्तर आलं. "ताई, खिडकी पण आमची नाही."